उजव्या हाताचा डोंगर

राष्ट्रीय ग्रंथालयाच्या तळमजल्यावर जुन्या पुस्तकांची डागडुजी चाले. तिथल्या बाईंना सगळे टाकेवाल्या बाई म्हणत. पहिल्यावहिल्या दर्यावर्दी सफरींची दुर्मिळ पुस्तकं त्यांच्याच वाट्याला येत. किड्यांनी चाळण केलेली पानं त्या खळ आणि पातळ कागद लावून सांधत, उसवलेल्या पाठी शिवत. स्वतः मात्र त्यांनी तळ्यातल्या होडीतसुद्धा कधी पाय ठेवला नव्हता.

त्यांचे यजमान तिथलेच फोटोग्राफर. लग्न जुळलं ते एका भांडणातून. एका सफरीच्या पुस्तकात एका दूरच्या बंदराचं चित्र होतं: संथ पाणी, नांगरलेलं जहाज आणि उजव्या हाताला सुळक्याचा डोंगर.

"डोंगर डावीकडे असणार," ते म्हणाले. "तांब्याच्या पत्र्यावर चित्र उलटं कोरावं लागतं. हा गडी विसरला, आणि छापताना सगळं आरशासारखं फिरलं."

"कोरणारा इतका बावळट नसेल," बाई म्हणाल्या.

"मग जाऊन बघू."

जाऊन बघू, जाऊन बघू म्हणता म्हणता सगळा संसार सरला. आधी सासूबाईंचं दुखणं, मग मुलाची शाळा, मग यांचा गुडघा. दरवेळी कुठेतरी घोडं पेंड खाई. भाजी अळणी झाली तरी ते म्हणत, "असू दे गं, चुकतं माणसाचं. त्या कोरणाऱ्याचं नाही का चुकलं?" आणि एका सकाळी दाढी करता करता ते खाली बसले, ते उठलेच नाहीत.

पुढच्या वर्षी तेच पुस्तक बाईंच्या टेबलावर दुरुस्तीला आलं. चित्राचं पान उघडलं, आणि त्या दिवशी सुईत दोरा काही ओवला गेला नाही. घरी आल्या तर नणंद विचारू लागली, "वहिनी, चेहरा का उतरलाय?"

"वन्सं, मला एक डोंगर बघायचाय."

नणंदेच्या जिभेला एरवी हाड नसे. त्या दिवशी ती एवढंच म्हणाली, "मग जा. घर कुठे पळून जातंय? मी आहे."

आगगाडी झाली, बस झाली. चित्रातल्यासारखं बंदर समुद्राकडून बघायचं, म्हणून शेवटी होडी केली. लाटा लागताच बाईंनी फळी घट्ट धरली आणि नजर होडीलगतच्या पाण्यावर खिळवली.

"जवळचं पाणी बघू नका," नावाडी म्हणाला. "नजर लांब ठेवा."

बाईंनी नजर लांब ठेवली. होडी बंदरात शिरली. समोर सिमेंटचा धक्का, क्रेन, कोळशाचे ढीग. चित्रातलं काही म्हणून उरलं नव्हतं. फक्त सुळका तसाच होता. डाव्या हाताला.

"हरले," बाई पुटपुटल्या.

"काय हरवलं?" नावाड्याने वल्हं थांबवलं.

"हरवलं नाही हो. हरले. पैज होती."

"कुणाशी?"

बाई शेजारच्या रिकाम्या फळीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पुन्हा बाहेर नेऊन आत आणाल का? एकदाच."

नावाड्याने वल्हं पुन्हा पाण्यात घातलं. होडी वळवली.

घरी परतल्यावर नणंदेनं चहा पुढे केला. "कसा वाटला समुद्र?"

"मोठा आहे हो, वन्सं," बाई म्हणाल्या. "एकटीनं बघायची गोष्ट नाही ती."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुस्तकाची उसवलेली पाठ शिवायला घेतली.