नाव घातलेलं ताट

मानेकाका पहिल्यांदा माझ्या दारात आले ते मी टाकून दिलेलं ताट हातात घेऊन. मला नेदरलँड्सला, आइंडहोवनला येऊन दोनच महिने झाले होते. पुण्याहून आणलेला, तळ करपलेला कुकर, दोन पळ्या आणि काठाला चेपलेलं आईचं ताट मी आदल्या संध्याकाळी रस्त्यावरच्या कचऱ्याच्या टाकीशेजारी ठेवून आले होते. टाकीबाहेर काही ठेवलं तर दंड होतो, हे मला ऑफिसात कळलं तोवर उशीर झाला होता. आणि आता सत्तरीचे एक उंच गृहस्थ, नखांत ग्रीस, दारात उभे राहून चक्क मराठीत विचारत होते, "हे तुमचं न्हवं का?"

मी म्हणाले, "नाही."

त्यांनी ताट उलटं केलं. आपल्याकडे घालतात तसं मागे टिंबाटिंबांनी नाव घातलेलं होतं : सौ. शालिनी द. पाटणकर. मग त्यांनी माझ्या बेलवरची पाटी वाचली. तिथेही पाटणकर.

"असूदे," ते म्हणाले. "ह्या गावात पाटणकर लई असत्यात." दोन पायऱ्या उतरून वळले. "अजून काही?"

हे 'अजून काही' त्यांचं ठेवणीतलं होतं. उमेदवारीच्या काळात ते कोल्हापुरातल्या एका कारखान्यात स्टोअरच्या खिडकीत बसत. नंतर इथे येऊन, आन्याशी लग्न करून, त्यांनी सगळं आयुष्य लेथवर काढलं, पण खिडकीतलं ते वाक्य सुटलं नाही. माणूस निघाला की विचारायचेच, आणि उत्तराला पुरेसा वेळ थांबायचे.

त्यांची बाग माझ्या खिडकीखालीच होती. गरम पाण्याच्या जुन्या बॉयलरचा एक पैलवान तिथे उभा होता. पाय पन्हळीच्या पाइपांचे, कान नळांचे, आणि टायर कापून नेसवलेला लंगोट. सायकलच्या चिमट्यांचा बगळा होता. दातेरी चाकांची सूर्यफुलं होती. फाटकाला वॉशिंग मशीनचं झाकण टांगून त्यावर डच आणि मराठीत रंगवलं होतं : 'आत या. हात लावा. डोकं सांभाळा.' रविवारी दुपारी फाटक उघडं असे. सायकलवरून जाणारी कुटुंबं थांबत. आन्या प्रत्येकाला कॉफी आणि मोजून एक बिस्किट देई आणि डबा बंद करी. तिची पाठ वळली की काका तो परत उघडत.

तिसऱ्या रविवारी मी धीर करून गेले.

"आली का पाटणकरीण! ये, ये. तुझी पाव्हणी बघ कुठं बसवलीया."

एका उंच लोखंडी चौकटीला चमचे, झाकणं, बेअरिंगच्या कड्या लटकत होत्या आणि मधोमध आईचं ताट. वर कुकरची शिट्टी. "वारा सुटला की पंगत बसती बघ," ते म्हणाले. मी ते ताट का नाकारलं, हे त्यांनी विचारलं नाही. नंतरही कधी नाही.

मी दर रविवारी जायला लागले. मी फार बोलत नसे. ते म्हणत, "तुझं मराठी म्हंजे इस्त्रीचं कापड. जरा चुरगळू दे की." इथे मी खुशीने जात होते असं एकच घर होतं.

पण आइंडहोवनला वारा फार. मंगळवार-शुक्रवार मी घरून काम करायची, आणि नेमक्या मीटिंगच्या वेळी खाली पंगत बसायची. एकदा मॅनेजरने विचारलं, "तू स्वयंपाकघरातून बोलतेस का?" सगळे हसले. आधीच मी मीटिंगमध्ये दोन वाक्यं बोलायची, तीही आदल्या दिवशी लिहून ठेवून. तीही ऐकू जाईनात.

रविवारी सांगायचंच, असं ठरवून गेले. काकांनी माझ्यासाठी पोहे केले होते. वर ओलं खोबरं, लिंबाची फोड. फाटकाशी त्यांनी विचारलं, "अजून काही?"

"नाही, काका."

सोमवारी मी नगरपालिकेच्या अ‍ॅपवर तक्रार नोंदवली. वार लिहिले, वेळा लिहिल्या, नाव गुप्त ठेवण्याच्या चौकटीवर खूण केली. इंग्रजीत लिहिताना लाज वाटली नाही. फॉर्ममध्ये कुणी काका नसतं.

एक अधिकारी येऊन बाग बघून गेला. मग पत्र आलं : आवाजाचा बंदोबस्त करा, आणि लोकांना आत घेण्याची रीतसर परवानगी मिळेपर्यंत फाटक बंद ठेवा. हे दुसरं मी मागितलंच नव्हतं. तो सगळा उन्हाळा फाटक बंद राहिलं. मी वरून बघायची. सायकली थांबायच्या, एखादी मुलगी गजांतून पैलवानाकडे बोट दाखवायची, आणि सगळे पुढे जायचे. काका पाठमोरे बसून काहीतरी घासत असायचे.

मला मात्र मागच्या दाराने प्रवेश होता. आन्या इंग्रजीतून समोरच्या कुत्रेवाल्या शेजाऱ्याला शिव्या देत होती; तक्रार त्यानेच केली असणार, अशी तिची खात्री. मी तिचा सफरचंदाचा केक खात होते.

"न्हाई गं," काका मला मराठीत म्हणाले. "त्यो दारात यिऊन तोंडावर भांडला असता. हितला माणूस तसाच. हे आपल्यातल्याच कुणाचं तरी काम हाय." बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते. कपातली साखर ढवळत होते.

सप्टेंबरात परवानगी मिळून फाटक उघडलं. पहिल्याच मंगळवारी सकाळी खिडकीतून पाहिलं तर काका शिडीवर. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कापून प्रत्येक चमच्याला, प्रत्येक झाकणाला, ताटाला गुंडाळत होते. संध्याकाळी पुन्हा शिडी लावून सोडल्या. शुक्रवारी पुन्हा तेच. मला वाटलं, पत्रात वार असतील, म्हणून. मग एका रविवारी मी सहज बोलून गेले की या आठवड्यात शुक्रवारऐवजी गुरुवारी घरी आहे. गुरुवारी सकाळी पावणेनऊला काका शिडीवर होते.

शिडी आन्याने धरली होती. कशासाठी, हे तिला ठाऊक नसावं.

त्यानंतरचे रविवार मला जड गेले. फाटकाशी ते विचारायचे, थांबायचे. "नाही, काका," मी म्हणायची. शेवटी मी गावाच्या दुसऱ्या टोकाला घर घेतलं. ऑफिस जवळ पडतं, असं सांगितलं. ऑफिस जवळ पडत नव्हतं.

काका फेब्रुवारीत गेले, झोपेत. मला आठ दिवसांनी कळलं. मी सायकल काढून गेले तेव्हा आन्या बागेत उभी होती. पैलवान कुणीतरी तिच्याकडून मागून नेला होता. तिने मला ताट दिलं, पट्ट्या अजून बांधलेल्याच.

"हे तुझं ना? तो म्हणायचा, यावर तुझ्या आईचं नाव आहे."

"हो," मी म्हणाले. "माझं आहे."

ती मला फाटकापर्यंत सोडायला आली. आणि आपल्या जड डच उच्चारात, काकांच्या सवयीने, मराठीत म्हणाली, "अजून काही?"

मी सांगितलं. तक्रार, फॉर्म, गुप्त नाव, गुरुवारची शिडी, सगळं. मला वाटलं होतं, ती रडेल, किंवा खांद्यावर हात ठेवेल.

"हे त्याला सांगायचं होतंस," ती म्हणाली, आणि फाटक लावून घेतलं.

मी तिथेच उभी राहून ताटाच्या पट्ट्या सोडल्या. ते सायकलच्या पुढच्या जाळीत ठेवलं आणि निघाले. त्या भागातले रस्ते विटांचे आहेत. ताट सगळ्या वाटेवर खणखणत होतं, लोक वळून बघत होते. एक हात ठेवला असता तर आवाज थांबला असता. मी ठेवला नाही.