आंबट वासाचा कागद

आधीच सांगतो, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. आमच्याकडे देवचाराच्या आणि वेताळाच्या गोष्टी गल्लोगल्ली मिळतात. मी रविवारी चर्चला जातो, इतर सहा दिवस शाळेत इतिहास शिकवतो आणि त्या गोष्टी ऐकून हसतो. हे लिहितोय ते कोणाला घाबरवायला नाही… आठवलं की अजून मळमळतं, म्हणून एकदा कुठेतरी उतरवून ठेवतोय.

मी इनास. मालवणहून तारकर्लीला जाताना रस्त्याच्या उजव्या हाताला आमचं घर. मला जुने अमेरिकन कागद जमवायचा नाद आहे. माझा मामा बोटीवर खलाशी होता. तो अमेरिकेच्या बंदरांतून साबणाची लेबलं, हॉटेलांची मेन्यूकार्डं, दुकानांच्या पावत्या आणायचा. मामा गेला, नाद राहिला. हल्ली ऑनलाइन लिलाव असतात. शाळा सुटली की व्हरांड्यात बसून मोबाईलवर बोली लावायची, जमलं तर दीड-दोन महिन्यांनी पोस्टमन पाकीट आणून देतो. माझी बायको फिलू याला ‘इनासाची रद्दी’ म्हणते.

गेल्या जानेवारीत असाच एक मिश्र लॉट आला. गोदामाच्या पावत्या, कापसाच्या गाठींच्या याद्या, दोन पत्रं. आणि त्यात घडी घातलेला, जाड, पिवळट कागद. उघडला तर खरेदीखत. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या आधीचं, तिथल्या दक्षिणेतल्या एका परगण्यातलं. विकलेला माल — सुझन नावाची बाई. वय अंदाजे एकोणीस. ‘शरीराने व मनाने निरोगी, दात पक्के, कोणताही दोष नाही.’

खरं सांगतो, मला आनंद झाला. असा कागद हाती लागायला माणसं आयुष्यभर वाट बघतात. मी लगेच नागपूरच्या एका संग्राहक मित्राला फोन लावला.

“कंडिशन कशी आहे?” त्याने विचारलं.

“फर्स्ट क्लास. कडा शाबूत, शाई ठसठशीत, काही दोष नाही,” मी म्हणालो. आपण काय बोललो ते तेव्हा कानावरसुद्धा पडलं नाही. संध्याकाळी बंदरावरून सुरमई आणली आणि एकट्यानेच खाल्ली. फिलू तेव्हा वेंगुर्ल्याला बहिणीकडे गेली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी खोलीत वास आला. आंबट. आम्ही किनाऱ्यावरची माणसं — शेजारी बांगडे सुकत असतात, कुजलेल्या मासळीचं आम्हाला काही वाटत नाही. पण हा वास निराळाच होता. गोडसर, कोमट, घशाशी येणारा. मेलेला उंदीर असेल म्हणून पलंग सरकवला, मोरी धुतली. शेवटी कळलं, वास लोखंडी कपाटातून येतोय. सगळे कागद मी प्लॅस्टिकच्या पारदर्शक पाकिटांत ठेवतो. सुझनच्या पाकिटात आतून दव धरलं होतं, आणि कागदावर मधोमध, शेजारी शेजारी, दोन गोल ओले डाग. बोट लावलं तर चिकट लागलं. मी तसाच मोरीवर जाऊन ओकलो.

जानेवारीत आमच्याकडे हवा इतकी कोरडी असते की कागदांच्या कडा वळतात. बाकीचे सगळे कागद खडखडीत होते. मी तो टिपकागदात दाबला, पंख्याखाली वाळवला. डाग गेले. दुसऱ्या दिवशी परत, त्याच जागी. तिसऱ्या दिवशीही. शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना टिपकागद दाखवला. ते नाक दाबून म्हणाले, “जुन्या कागदाला जनावराच्या कातड्यापासून केलेल्या सरसाचा, म्हणजे खळीचा, हात देत असत. तो कुजत असेल.” मला पटलं. पटवून घेतलं म्हणा.

त्या दुपारी फिलू परत आली. मी तिला कागदाबद्दल फोनवर अक्षरही बोललो नव्हतो. उंबऱ्यात पिशवी ठेवून ती थांबली.

“इनास, दूध खंय नासला रे?”

“दूधच नाय आसा घरात. तू गेल्यापासून काळी चाय पितंय.”

ती सरळ कपाटापाशी गेली. मी पाकीट काढून दाखवलं. तिने दोन्ही हात छातीशी घट्ट आवळून धरले आणि ती मागे सरकली.

“ह्यो पिशयेच्या दुधाचो वास नाय,” ती म्हणाली. “रीमा गोव्याक होती, तेव्हा माझ्या झग्याक येय तो ह्यो वास. अकरा दिस.”

रीमा आमची मुलगी. सातव्या महिन्यात जन्मली. फिलूचं सिझेरियन कुडाळला झालं आणि पोरीला त्याच दिवशी गोव्याच्या हॉस्पिटलात काचेच्या पेटीत नेऊन ठेवावं लागलं. अकरा दिवस फिलू इकडे, बाळ तिकडे. दूध यायचं आणि वाया जायचं. मी गोव्याला होतो, मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ती तेव्हा बोललीही नव्हती.

“तेच्यार काय लिवलला आसा?”

“एका बाईक इकल्याचो कागद आसा.”

“आणि तिचा पोर?”

“पोराचा काय नाय लिवलला.”

“परत वाच.”

मी चष्मा लावला. सहीच्या वर, कलमांच्या गर्दीत एक ओळ होती — ‘सदर स्त्रीचे तान्हे मूल या व्यवहारात समाविष्ट नसून ते विक्रेत्याकडेच राहील.’ बाळाचं नावसुद्धा नव्हतं.

फिलूने उघड्या कपाटाकडे बघितलं. मग म्हणाली, “आणि ह्या तू कपाटात जपून ठेवलंस?” आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. “जेंचा तेंका धाडून दी.”

नागपूरचा मित्र त्या कागदाच्या बदल्यात हवं ते द्यायला तयार होता. मी नाही म्हटलं, तो अजून माझ्याशी बोलत नाही. विकल्या गेलेल्या माणसांची नावं गोळा करून त्यांच्या वंशजांसाठी जपून ठेवणारी एक संस्था अमेरिकेत आहे, तिला तो कागद पाठवला. सोबत विचारलं, काही वास, काही ओल? उत्तर आलं — कागद उत्तम, कोरडा, वास नाही. सुझनचं नाव त्यांनी यादीत चढवलं होतं. बाळाच्या रकान्यात रेघ.

कपाटातला वास त्याच आठवड्यात गेला. सरस कुजला असेल तर तिकडे पोचेपर्यंत बरा कसा झाला, आणि रोज त्याच दोन जागी का पाझरत होता, हे मला सांगता येत नाही. सरांनाही नाही. फिलूला विचारलं तर ती विषय बदलते.

पण एक गोष्ट मला सांगता येते आणि तिचीच जास्त किळस येते. फिलू यायच्या आधी तो कागद मी निदान तीनदा वाचला होता, भिंग लावून, अक्षर न् अक्षर. शाई बघितली, सही बघितली, वॉटरमार्क बघितला. ती ओळ माझ्या डोळ्यांखालून तीनही वेळा गेली होती.