चाक थांबल्यावरचा आवाज

हबवाले बाबूजी दातांनी ऐकायचे. हे मी वाढवून सांगत नाही. ट्रकचं पुढचं चाक जॅकवर उचललं की ते त्याच्यासमोर उकिडवे बसायचे, हातभर लांब सागवानी काडीचं एक टोक चाकाच्या मध्यावर, म्हणजे हबवर टेकवायचे आणि दुसरं दातांत धरायचे. मग दोन्ही कानांत बोटं घालून डोळे मिटायचे. समोरच्यानं चाक हातानं फिरवायचं. पांढरे केस, मिटलेले डोळे, तोंडातून निघून लोखंडात शिरलेली काडी. पहिल्यांदा पाहणारा माणूस नकळत दोन पावलं मागं सरायचा. मीही सरलो होतो.

नागपूरला लागून असलेल्या वाडीत, अमरावती रोडच्या गोदामांमागे त्यांचं टिनाचं शेड होतं. तिथं फक्त पुढच्या चाकांचं काम व्हायचं, तेही चारही चाकांना ताकद जाणाऱ्या ट्रकांचं. इंजिनाचं विचारलं तर त्यांच्या कपाळावर आठ्या चढत. "मांगच्या चाकाचे डॉक्टर गल्लोगल्ली भेटतीन तुले," ते म्हणायचे, "पुढचं चाक ऐकणारा हा एकच आहे." हे सांगताना ते स्वतःच्या छातीवर बोट ठेवायचे. नम्रपणा त्यांच्या वाटेलाही गेला नव्हता, आणि मला तेच आवडायचं.

त्यांचा एक नियम होता. ऐकण्याआधी गाडीवरचं जे जे हलतं ते उतरवायचं. लिंबू-मिरची, काळी बाहुली, आरशाला बांधलेले घुंगरू, डॅशबोर्डवरचे देव, सगळं एका टोपलीत. "हे सारं वाजते गा. मले चाक ऐकू द्या," इतकंच त्यांचं म्हणणं. पण ड्रायव्हर लोकांनी त्याचा भलताच अर्थ काढला. बाबूजी गाडीचं भूत उतरवतात, अशी त्यांची ख्याती पार भंडाऱ्यापर्यंत गेली. कोणी कोणी शेडच्या दारात नारळ ठेवून जायचं. बाबूजी चिडायचे, दोन शिव्या हासडायचे आणि नारळ चटणीसाठी घरी धाडून द्यायचे.

चिडायला कारण होतं. त्यांच्या वडिलांनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हा बाबूजी आईच्या कडेवर होते. "माह्या बापानं देव अन् भूत एकाच दिवशी घराबाहेर काढले," ते अभिमानानं सांगायचे. "आवाज येते म्हणजे काहीतरी घासून राहिलं आहे. जागा शोधा, खोला, पाहा. बस." या एका वाक्यावर त्यांनी आयुष्य काढलं होतं.

माझी त्यांची ओळख एका भुतापायीच झाली. विजेचे टॉवर उभारणाऱ्या ठेकेदाराचा माल मी रामटेकच्या पलीकडच्या जंगलात पोचवायचो. त्यासाठी लिलावातून एक जुना फोर बाय फोर ट्रक घेतला. आठवड्याभरात माझा ड्रायव्हर देवराव किल्ली टेबलावर ठेवून उभा राहिला. म्हणाला, "अरुणभाऊ, गाडीत बाई आहे." डांबरी रस्त्यावर पायाखाली जात्यावर दळल्यासारखा आवाज यायचा, घर्र, घर्र. जंगलाच्या कच्च्या वाटेवर शिरलं की एकदम गप्प. परत डांबरी लागलं की पुन्हा सुरू. आधीच्या मालकाच्या वेळी याच ट्रकखाली जंगलात एक बाई गेली होती, असं देवरावनं कुठूनतरी ऐकलं होतं. ती जंगलात उतरते आणि परतीला पुन्हा चढते, असा त्याचा हिशेब. खोटं कशाला बोलू, त्याच्या शेजारी बसून तो आवाज ऐकला तेव्हा मी पाय वर घेतले होते.

बाबूजींनी काडी लावायच्या आधी देवरावला एकच प्रश्न विचारला. "जंगलात शिराच्या पहिले तू खाली उतरून काय करते?" देवराव म्हणाला, पुढच्या दोन्ही हबच्या चकत्या फिरवून चाकं इंजिनाच्या ताकदीला जोडतो, आणि परत येताना मोकळी करतो. बाबूजींनी काडी लावली, चाक फिरवायला सांगितलं आणि हसले. डावी चकती परत फिरताना निम्म्यातच अडकत होती. चाक धड जोडलेलंही नाही आणि धड मोकळंही नाही. आतले दाते दात्यांवर घासत होते. जंगलात चकती पूर्ण बसायची, म्हणून आवाज बंद. "बाई नाही उतरत रे जंगलात," ते देवरावला म्हणाले, "तू उतरते." त्यानंतर देवराव त्या ट्रकवर निवांत राहिला, पण बाईचं नाव त्यानं सोडलं नाही.

मग मी काम नसतानाही शेडवर जाऊ लागलो. दुपारी रस्त्यापलीकडच्या टपरीवरून तर्री-पोहे यायचे आणि बाबूजींची शिकवणी चालायची. गाडी डावीकडं वळली की वजन उजव्या चाकावर जातं, तेव्हा आवाज वाढला तर उजवं बेअरिंग पाहायचं. चाकाला वर-खाली धरून हलवायचं, खेळ, म्हणजे ढिलेपणा, लागला की बेअरिंग गेलं समजायचं. हात स्प्रिंगवर ठेवायचा, खराब बेअरिंगची कणकण हाताला कळते. त्यांनी काडी मात्र मला कधी दिली नाही. "दात मजबूत पाहिजे," म्हणायचे. माझे दात चांगले होते.

गेल्या हिवाळ्यात पहिल्यांदा काहीतरी बिनसलं. मी ट्रक ग्रीस भरायला नेला होता. बाबूजींनी सवयीनं काडी लावली आणि म्हणाले, "डावा हब गेला." खोलला तर बेअरिंग आरशागत स्वच्छ. तरी त्यांनी नवं टाकलं. पुन्हा काडी लावली आणि त्यांचा चेहरा उतरला. "अजून आहे," ते म्हणाले. त्या महिन्यात त्यांनी वाडीतल्या कितीतरी ट्रकांचे चांगले हब खोलले. दरवेळी डावाच. दरवेळी आत काही नाही. गिऱ्हाइकं कुरकुरू लागली, मग येईनाशी झाली. टपरीवर ड्रायव्हर हलक्या आवाजात बोलायचे की, इतकी वर्षं काढलेली भुतं आता जाऊन जाऊन जातील कुठं? बाबूजींतच बसली. बोलताना ते शेडकडं पाठ करून बसत.

त्यांच्या बायकोला आम्ही काकू म्हणायचो. एक दिवस त्यांनी मला घरी बोलावलं. बाबूजी जेवताना घास हातात घेऊन थांबतात, मान डावीकडं कलती करून भिंतीला कान लावतात, असं सांगत होत्या. "शेजारची म्हणते ताईत बांध. बांधू का गा, अरुण?" त्यांनी विचारलं. आतल्या खोलीतून बाबूजी बाहेर आले. आता घर डोक्यावर घेतील असं मला वाटलं. पण ते नुसते बुद्धमूर्तीसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "माह्या बापानं तर बाहेर काढले होते." आवाज लहान झाला होता त्यांचा. ती ओळ त्यांच्या तोंडून प्रश्नासारखी ऐकताना मला फार भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी मी ट्रक घेऊन गेलो, निमित्त म्हणून. जॅक लावला, चाक फिरवलं. बाबूजी काडी दातांत धरून, कान बंद करून ऐकत होते आणि पायाचा अंगठा आवाजाच्या तालावर हलत होता. मी तळहात लावून चाक थांबवलं. अंगठा हलतच राहिला. चाक स्थिर, इंजिन बंद, आणि समोर डोळे मिटून बसलेला म्हातारा माणूस तालात काहीतरी ऐकतोय. मी त्यांच्या गुडघ्याला हात लावून म्हणालो, "बाबूजी, चाक थांबलं आहे."

त्यांनी डोळे उघडले. चाकाकडं पाहिलं. मग उठून काडी शेडच्या खांबाला लावली आणि ऐकलं. पाण्याच्या ड्रमला लावली. वाकून जमिनीला लावली. शेवटी कशालाच न टेकवता नुसती दातांत धरून, कानांत बोटं घालून उभे राहिले. अंगठा तसाच हलत होता. मग त्यांनी तोंडातून काडी काढली, शर्टाला पुसली आणि माझ्यापुढं धरली. "तू ऐक," ते म्हणाले. "नसन तर नाही म्हण. मले बरं वाटावं म्हणून हो म्हणू नको."

ते टायरवर बसले. मी काडी दातांत धरली, दुसरं टोक त्यांच्या डाव्या कानामागच्या हाडावर टेकवलं आणि कान बंद केले. आधी माझाच श्वास ऐकू आला. मी श्वास रोखला. आणि मग आला. घर्र. घर्र. घर्र. कवटीच्या आत कोणीतरी दळत होतं. एका कानातलं बोट काढून मी त्यांचं मनगट धरलं. नाडी त्याच तालात चालली होती. पळून जावं असं वाटलं, काडी फेकून द्यावी असं वाटलं. पण समोरचे डोळे माझ्या तोंडाकडं लागले होते.

"आहे," मी म्हणालो.

"कुठं?"

"डावीकडं. कानाच्या मागं, खाली."

त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्यांचे खांदे हलत होते. मग म्हणाले, "म्हणजे मी पागल नाही झालो." मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिलो.

कानाच्या डॉक्टरकडं ते आधी एकदा जाऊन आले होते, पण तिथं नुसतं 'कान वाजते' एवढंच सांगून आले होते. या वयात कुणाचेही वाजतात. या वेळी मी सोबत गेलो. डॉक्टरीणबाईंनी माझ्या सांगण्यावरून कानामागं स्टेथोस्कोप लावला, थांबल्या, पुन्हा लावला आणि लगेच डोक्याचा फोटो काढायला पाठवलं. डोक्याच्या मागच्या भागात दोन रक्तवाहिन्या एकमेकींत भलत्या जागी उघडल्या होत्या, आणि रक्त तिथून घासत चाललं होतं. ऑपरेशन करावं लागणार होतं. बाबूजी खूश. "अर्धवट जुडलं आहे, मॅडम. पुरं मोकळं करून टाका," त्यांनी सल्ला दिला. बाई हसल्या आणि म्हणाल्या, तेच करायचं आहे.

ऑपरेशनची तारीख लागेपर्यंतचे दिवस त्यांनी मोठ्या रुबाबात काढले. शेडवर येईल त्याच्या हातात काडी द्यायचे. "ऐक, ऐक. खरा आवाज आहे." ड्रायव्हर एकेक करून काडी दातांत धरायचे, त्यांच्या डोक्याला लावायचे आणि पांढरे पडून बाजूला व्हायचे. देवराव लांबूनच हात जोडून निघून गेला. घरी काकूंनी मात्र तो आवाज कधी ऐकला नाही. "मले नाही ऐकाचा," म्हणायच्या आणि आतल्या खोलीत जाऊन बसायच्या.

तारखेच्या आधीच एका सकाळी दाढी करता करता ती शीर फुटली. मला फोन आला तेव्हा सगळं संपलं होतं.

गेलो तेव्हा पांढऱ्या कपड्यांतली माणसं अंगणात जमली होती. बाबूजींना बाहेरच्या खोलीत ठेवलं होतं. गालाला थोडा साबण लागलेला तसाच होता. मी तो रुमालानं पुसला. काकू उशाशी बसल्या होत्या. त्यांनी माझी बाही ओढली आणि कोणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात विचारलं, "अरुण, तो आवाज... अजून त्रास देऊन राहिला का त्यायले? पाहून सांग ना."

मी गुडघ्यांवर बसलो आणि त्यांच्या डाव्या कानामागं माझा कान टेकवला. हाड गार होतं. खोलीतली कुजबुज थांबली. बाहेरून ट्रक चालले होते, तेवढंच.

"थांबला, काकू," मी म्हणालो.

"नीट ऐक."

मी पुन्हा कान टेकवला, आणि काकूंनी माझी बाही सोडेपर्यंत तसाच ऐकत राहिलो.