रेशमावरून पाहिलेली नाडी

सूनबाईंनी कपाटातून रेशमी रुमाल काढला. घडी मोडली. सासऱ्यांच्या मनगटावर नीट पसरला. मग मला म्हणाल्या, "हं, बघा आता, फादर."



भाऊसाहेब पलंगावर टेकून बसले होते. तोंड खिडकीकडे. दोन वर्षं दर मंगळवारी मी त्यांची नाडी बघत होतो. पोट दाबत होतो. सुजलेले पाय हातात घेऊन बोटानं खड्डा पडतो का ते पाहत होतो. रुमाल कधी लागला नव्हता.

"बाबांना पूजेला बसायचंय ना," सूनबाई म्हणाल्या. "सोवळ्यात आहेत. रेशीम असलं की चालतं. तुम्ही बुरा नका मानू."

संध्याकाळचे पाच वाजले होते. पूजा सकाळी आठला आटोपते हे मला ठाऊक होतं. त्यांच्या गोळ्यांच्या वेळा मीच पूजा बघून लावून दिल्या होत्या.

आणि मी काय केलं? रुमालावर तीन बोटं ठेवली. नाडी मोजली. गोळी बदलून दिली, मीठ कमी करा म्हणालो आणि जिना उतरून खाली आलो. त्यांची लाज वाटायला वेळ लागला. आधी माझी मला वाटली.

मी कॅथलिक धर्मगुरू आहे आणि डॉक्टर आहे. गाव जालन्याकडचं. आम्ही मांग. बाप दोर वळायचा, आई केरसुण्या वळायची आणि गावात फिरून विकायची. आठव्या वर्षी मला मिशनच्या बोर्डिंगात टाकलं. तिथं पोटभर भाकरी मिळाली, पुस्तक मिळालं. पुढं आमच्या धर्मगुरूंच्या संघानं डॉक्टरकी शिकवली आणि ग्वाल्हेरला धाडलं. तिथल्या जयेंद्रगंज भागात भाऊसाहेबांची तीन मजली इमारत आहे. त्यांचे पणजोबा दरबारात कारभारी होते, हे तिथं गेलेल्याला पहिल्या पाच मिनिटांत कळतं. खालचा मजला त्यांनी आमच्या दवाखान्याला दिला होता. दोन खोल्या आणि ओटा. रोज सकाळी त्या ओट्यावर शहरभरचा खोकला येऊन बसायचा. हातगाडीवाले, वीटभट्टीवरचे, नाल्या उपसणारे. त्या दोन खोल्या गेल्या तर त्या माणसांचं औषध तुटणार होतं, आणि क्षयाचं औषध मधेच तुटलं की माणूस तुटतो.

खोल्या आम्हाला मिळाल्या त्या एका चुकीमुळे. पहिल्या भेटीत भाऊसाहेबांनी विचारलं होतं, "एवढं शुद्ध मराठी! वसईचे का तुम्ही?" मी नाही म्हणायच्या आत सूनबाई म्हणाल्या, "म्हणजे मूळचे आपलेच की. पोर्तुगिजांनी जबरदस्ती केली हो. रक्त कुठं जातंय?" मराठी बोलणारा शिकलेला ख्रिस्ती म्हणजे वसईचा, आणि वसईचा म्हणजे बाटलेला ब्राह्मण, असं त्यांनी आपलं आपण ठरवून टाकलं. मी हसलो. बोललो काहीच नाही. पण त्या हसण्याला खोटंच म्हणतात, मी रविवारच्या मिस्सेच्या प्रवचनात लोकांना तेच शिकवतो.

मग काय, गौरीच्या जेवणाला पहिलं पान माझं. "हे आपले फादर. येशूचे असले तरी मूळचे आपल्यातलेच," अशी पाहुण्यांशी ओळख. पुरणपोळीवर तुपाची धार धरत सूनबाई विचारायच्या, "आणखी एक?" मी घ्यायचो. मनाला सांगायचो, दवाखान्यासाठी गप्प आहे, गरिबांसाठी. गरिबांच्या नावावर माणूस काय काय पचवतो. पण त्या पंगतीत बसायला मला आवडतही होतं, हे आज कबूल करतो. ज्यांच्या अंगणात माझ्या आईनं केरसुणी ओट्याखाली ठेवून लांब उभं राहायचं, तसल्याच घरात मला आग्रह होत होता.

मग आई आली. डोळ्याला मोतीबिंदू, ऑपरेशन करून घेऊ म्हणून मीच बोलावलं होतं. दवाखान्यामागच्या खोलीत उतरली. दुसऱ्या दिवशी सूनबाई चिवड्याची बशी घेऊन खाली आल्या. मी रोगी तपासत होतो, मधलं दार उघडं होतं.

"आई, वसईहून गाडी थेट असते का हो इथं?"

"वसई कुठं आन् आम्ही कुठं, बाई," आई म्हणाली. "आम्ही जालन्याकडची. मांगाची माणसं. केरसुण्या वळून वळून याला शिकीवलं बघा."

अभिमानानं सांगितलं तिनं. आवाज चांगला खणखणीत. माझ्या हातातली स्टेथोची नळी तशीच राहिली. सूनबाई "अच्छा" म्हणाल्या आणि वर गेल्या. बशी परत न्यायला कुणी आलं नाही. मी वर पाठवली तर मोलकरणीनं सांगितलं, बहूजी म्हणतात राहू द्या तुमच्याकडंच.

पुढच्या मंगळवारी तो रुमाल निघाला.

मी आईला काही सांगितलं नाही. पण असल्या गोष्टी जिन्यावरून खाली आपोआप उतरतात. त्याच इमारतीचे जिने आणि संडास रामकली झाडायची. ती माझी क्षयाची रोगी. चौथा महिना चालू होता. औषध घ्यायला यायची तेव्हा म्हणायची, गोळ्या स्टुलावर ठेवा. मी ठेवून मागं सरलो की पुढं येऊन उचलायची. मला वाटायचं, आपला खोकला दुसऱ्याला लागू नये म्हणून जपते. शहाणी बाई आहे, असं मी इतर रोग्यांना सांगायचोसुद्धा.

त्या बुधवारी ती स्टुलापाशी थांबली.

"फादर जी, ऊपर सब कह रहे हैं, आप हम जैसे ही हो।"

"हां।"

"तो पहले क्यों नहीं बताया? मैं तो आपको बाम्हन समझ के दूर खड़ी रहती थी।"

राग नव्हता तिच्या आवाजात. खरंच विचारत होती. रुमालानं जे झालं नव्हतं ते या प्रश्नानं झालं. चार महिने एक आजारी बाई माझ्यापासून चार हात लांब उभी राहिली, कारण वरच्यांनी माझ्याबद्दल जे मानलं होतं ते तिनंही मानलं होतं, आणि मला ते सोयीचं होतं. भाऊसाहेबांनी मला एकदा रेशमापलीकडं ठेवलं. मी तिला रोज ठेवत होतो.

पाच-सहा दिवसांनी दुपारी सूनबाईंचा फोन. "फादर, जल्दी या. बाबांना श्वास घेता येईना."

धावत वर गेलो. भाऊसाहेब पलंगाच्या कडेला बसून धापा टाकत होते. ओठ निळसर. आणि त्या बाईंच्या हातात तेव्हाही रुमाल होता. घडी मोडून तयार.

मी म्हणालो, "वहिनी, तो ठेवा. छातीला हात लावावा लागेल, पाठीला लावावा लागेल, सुई टोचावी लागेल."

"पण बाबांना..."

मी भाऊसाहेबांकडं वळलो. "भाऊसाहेब, मी मांग आहे. वसईचा नाही. कधीच नव्हतो. हा हात चालत असेल तर आत्ता तपासतो. चालत नसेल तर गाडी बोलावतो, कंपूच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात पोहोचेपर्यंत तुमच्याबरोबर बसतो. तिथं जो डॉक्टर हात लावेल त्याची जात तुम्हाला कळणार नाही, एवढाच फरक. सांगा."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग मान हलवली आणि सदऱ्याची बटणं स्वतः काढू लागले. बोटांना जमेना, मी मदत केली. फुप्फुसात पाणी भरलं होतं. इंजेक्शन दिलं, पाठीला हात देऊन बसवून ठेवलं, गाडीतून कंपूला नेलं. वाटेत एका चौकात गाडी अडकली तेव्हा त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. म्हातारा वाचला.

भाऊसाहेब घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी भटजी आले. घरात पंचगव्य शिंपडलं. पलंगाची गादी रामकलीला देऊन टाकली. आणि आठवड्यानं मला पत्र आलं. महिन्याभरात खोल्या रिकाम्या करा. अथवा आमची दिशाभूल केल्याबद्दल लेखी माफी मागा, म्हणजे पुढं विचार करू. खाली भाऊसाहेबांची सही. त्याच बोटांची.

आमच्या वरिष्ठ फादरांनी बोलावून घेतलं. भले गृहस्थ. मला म्हणाले, "दोन ओळी लिहून द्या. प्रभूनं तर दुसरा गाल पुढं करायला सांगितलंय. रोग्यांचा विचार करा." मग जरा थांबून म्हणाले, "आणि आपल्यातही ती गोष्ट सगळीकडं सांगत फिरायची काय गरज? येशूत सगळे एकच."

मी विचारलं, "एकच असलो तर लपवायचं काय?"

दफनभूमीतसुद्धा कुठल्या जातीची रांग कुठली हे ज्या चर्चमध्ये मी डोळ्यांनी पाहिलं आहे, तिथं हा प्रश्न मी पंचवीस वर्षं गिळला होता. मी म्हणालो, "फादर, आज्ञा पाळायचं व्रत मी घेतलंय. खोटं वागायचं नाही घेतलेलं. दिशाभूल मी केली, हे खरं. पण भाऊसाहेबांची नाही. ज्यांची केली त्यांची माफी मागणार आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर पन्नासेक माणसं बसली होती. मी बाहेर आलो आणि सगळ्यांसमोर हिंदीत सांगितलं. माझी जात सांगितली. आईबाप काय करत ते सांगितलं. दोन वर्षं लपवलं ते सांगितलं. रामकलीचं नाव घेऊन हात जोडले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दोघं-तिघं उठून निघून गेले, त्यातला एक मी बरा केलेला होता. रामकली पुढं आली, गोळ्यांसाठी तळहात पसरला आणि म्हणाली, "जल्दी दो, काम पे जाना है।" मी तिच्या हातावर गोळ्या ठेवल्या.

खोल्या सोडल्या. आता कंपूच्या पलीकडं वस्तीत एका पत्र्याच्या गोदामात बसतो. उन्हाळ्यात तापतं, रोगी आणि मी दोघंही घामानं निथळतो. निम्मे रोगी एवढ्या लांब येऊ शकत नाहीत, म्हणून औषध घेऊन सायकलवर मीच जातो. चार जणांचं तरीही तुटलं. ते ओझं माझ्या डोक्यावर आहे, ते कुणी काढू नये. पण ते माफीपत्र लिहिलं असतं तर त्या चौघांना जी गोळी दिली असती, ती लांब उभं करूनच दिली असती.

वरिष्ठांकडून बदलीचा निरोप आला आहे. दूरचा जिल्हा, चांगलं बांधलेलं रुग्णालय, मोठ्या घरचे आश्रयदाते. मी कळवलं आहे, जाईन. पाठवाल तिथं जाईन. पण पोहोचल्या दिवशी, पहिल्या रोग्याला हात लावायच्या आधी, आश्रयदात्यांना समोर बसवून मी मांग आहे हे सांगणार. त्यानंतरही मी हवा असेन तरच पाठवा.