पाठीला पाठ लावून

जपानमधल्या त्सुरुओकात फुमिए इगाराशीचं घर माझ्या केस कापायच्या दुकानासमोर आहे. बत्तीस वर्षं ती इथल्या इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर होती. नुसत्या ‘हॅलो’वरून माणूस ओळखायची. पुढे नवरा वारला, मुलगा मासाकी नोकरीसाठी सेंदाईला गेला, आणि फुमिए दर उन्हाळ्यात गावातल्या भाषाशाळेत जपानी शिकायला येणाऱ्या परदेशी मुलांपैकी एकाला घरी ठेवून घेऊ लागली. ती मुलं तिला आईच म्हणायची. ते आठ आठवडे ती जगायची. उरलेलं वर्ष त्या मुलांच्या गोष्टी मला ऐकवायची.

या खेपेला दोर्का आली. हंगेरीची, एकवीस वर्षांची, दारातून वाकून आत यावं लागेल इतकी उंच. दुसऱ्याच आठवड्यात एका सकाळी ती स्वयंपाकघरात आली तर किटली शिट्टी मारून मारून थकली होती, आणि फुमिए शेजारीच उभी राहून शांतपणे काकडी चिरत होती. दोर्कानं गॅस बंद केला आणि तिच्या समोर येऊन उभी राहिली.

“आई, तुला ऐकू येत नाही ना?”

फुमिएनं सुरी खाली ठेवली. “कुणाजवळ बोललीस तर आजच्या आज बॅग भर.”

“नाही बोलणार. पण मला रागावताना तरी माझ्याकडे बघ.”

तीन वर्षांपासून हे चाललं होतं. डावा कान पुरता गेला होता, उजव्यात थोडंफार उरलं होतं. शाळेला कळलं तर मुलं पाठवणं बंद होईल आणि मासाकीला कळलं तर तो आपल्याला सेंदाईतल्या त्याच्या नवव्या मजल्यावरच्या घरात नेऊन ठेवेल, या दोन भीतींपायी ती ओठ वाचायला शिकली. मी दर महिन्याला तिच्या पाठीमागे उभी राहून केस कापायचे, गप्पा मारायचे, आणि ती चोख उत्तरं द्यायची. समोरच्या आरशात तिला माझे ओठ दिसायचे, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

दोर्का त्या दिवसापासून समोर येऊन, एकेक अक्षर सुटं करून बोलायला लागली. वर्गात बाईंनी तिच्या उच्चारांचं कौतुक केलं. ती घरी येऊन म्हणाली, “आई, शाबासकी तुझी आहे.”

निरोपाचा समारंभ शेवटच्या शुक्रवारी दुपारी होता. दरवर्षी यजमानांनी वाकून नमस्कार करायचा, उकडलेल्या शेंगा खायच्या आणि मुलांना बसमध्ये बसवून द्यायचं, एवढंच असायचं. या वर्षी गुरुवारी चिठ्ठी आली: ‘घरची जोडी’ नावाचा खेळ. यजमान आणि विद्यार्थी पाठीला पाठ लावून बसतील आणि हातातला लाल किंवा पांढरा पंखा वर करून प्रश्नांची उत्तरं देतील.

दोर्का धावत कार्यालयात गेली. “आईची कंबर दुखतेय. आम्ही खेळत नाही.”

“अगं, बसूनच तर खेळायचंय!” व्यवस्था बघणारे कुसाका हसून म्हणाले.

त्या दुपारी दोघींनी खुर्च्यांवर बसून सराव केला. लाल पंखा म्हणजे आई, पांढरा म्हणजे दोर्का. कोपर एकदा टोचलं की लाल, दोनदा टोचलं की पांढरा.

“ही लबाडी आहे,” फुमिए म्हणाली.

“आहेच. म्हणून नीट करायची.”

शुक्रवारी मी सभागृहात पोचले तर तिसऱ्या रांगेत मासाकी. न सांगता आला होता, मिठाईचा डबा घेऊन. त्याला पाहून फुमिए जागीच थबकली. मला वाटलं, आनंदानं.

कुसाकांना सर्दी झाली होती. तोंडावर मास्क.

“सकाळी आधी कोण उठतं?” दोन्ही पंखे लाल. “जास्त हट्टी कोण?” पुन्हा दोन्ही लाल. लोक हसले. फुमिएही हसली, पण सगळ्यांनंतर. तिसरा प्रश्न, चौथा, सगळे जुळले. दोर्काच्या मानेवरून घाम ओघळत होता.

“अशी जोडी मी पाहिली नाही!” कुसाका खुशीत आले. “आता पंखे खाली. इगाराशीबाई, शेवटचं तुम्ही तोंडानं सांगा. दोर्का गेल्यावर सगळ्यात जास्त कशाची आठवण येईल?”

दोर्काचं कोपर हललं नाही. कसं हलणार? फुमिए वाट बघत राहिली. कुसाकांनी प्रश्न पुन्हा विचारला. फुमिएनं हसत लाल पंखा वर केला.

कुणीतरी खुसखुसलं, मग ते हसू मधेच विरलं. मासाकी अर्धवट उठला. दोर्का वळून “आई...” म्हणाली, तेव्हा फुमिएनं तिचा खांदा दाबून तिला बसवलं आणि स्वतः उभी राहिली.

“कुसाकासाहेब, मला ऐकू येत नाही. तीन वर्षं झाली. मी लपवलं. या मुलीला मीच गप्प बसायला लावलं, तिचं प्रमाणपत्र अडवू नका.” आवाज तोच ऑपरेटरचा, स्वच्छ, फक्त गरजेपेक्षा मोठा.

कुसाकांनी मास्क काढला, तिच्या समोर येऊन उभे राहिले आणि प्रश्न सावकाश विचारला. ती त्यांच्या ओठांकडे बघत राहिली.

“ही समोर येऊन बोलते, त्याची,” ती म्हणाली. “न्हाणीघरात केसांचे पुंजके सोडते, त्याची येणार नाही.”

हसावं की नाही, कुणाला कळेना.

बाहेर व्हरांड्यात मासाकीनं तिला गाठलं. “तीन वर्षं? मग मी फोन करायचो तेव्हा?”

“निम्मं कळायचं. बाकीच्याला हो हो म्हणायचे.”

त्याचा चेहरा पडला. “गेल्या वर्षी मार्चमध्ये मी सांगितलं तेव्हा तू म्हणालीस, हो हो, छान झालं. मी अजून तुझ्यावर रागावलोय.”

“काय सांगितलं होतंस?”

तो भिंतीकडे बघून बोलला. दोर्का पुढे झाली, त्याची बाही धरून त्याला आईकडे वळवलं. “समोर बोला.”

“आमचा घटस्फोट झाला, आई. दीड वर्षं मी एकटा राहतोय. मिओ तिच्या आईकडे असते.”

फुमिए बाकावर बसली. मग तिनं त्याचा हात ओढून त्याला शेजारी बसवलं. बस सुटायला वीस मिनिटं होती. दोर्कानं एकटीनंच आपल्या बॅगा उचलून नेल्या, मी एक धरली.

बसपाशी फुमिए धावत आली. दोर्का तिला मिठी मारून इतकी रडली की बोलायचं राहूनच गेलं. बस हलल्यावर काचेआडून ती काहीतरी म्हणाली. आम्हा कुणाला ऐकू आलं नाही. फुमिएनं मान हलवली आणि आवाज न करता ओठांनीच उत्तर दिलं. काय ते मी नंतर विचारलं. तिनं सांगितलं नाही.

मासाकी चार दिवस राहिला. कानाच्या डॉक्टरकडे गेले, यंत्र आलं. बेडकांच्या आवाजानं झोप येत नाही म्हणून ती महिनाभर कुरकुरली. सेंदाईचा विषय त्यानं काढला, तिनं साफ नाही म्हटलं.

पुढच्या उन्हाळ्यात शाळेनं तिच्याकडे कुणाला पाठवलं नाही. कुसाका स्वतः सांगायला आले होते. आठ दिवस ती दुकानाकडे फिरकली नाही. ऑगस्टमध्ये मासाकी मिओला दहा दिवसांसाठी घेऊन आला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच फुमिए नातीचा हात धरून माझ्या दारात उभी.

“हिचे केस काप,” म्हणाली. “आणि जरा कमी बोल, आता मला सगळं ऐकू येतं.”