वाजलं का, बाय?

मिस्त्री आमच्या गेटातून आत शिरले की टपरीवरच्या मावशी आधी चहाची किटली उचलून फळीमागे लपवायच्या. चोराला घाबरणार नाहीत एवढ्या त्या मिस्त्रींना घाबरायच्या. कारण मिस्त्रींना चहा नको असायचा. त्यांना नुसतं उकळतं पाणी हवं असायचं, आणि त्या पाण्यात ते डिझेलच्या पाइपाचं टोक बुडवून बसायचे. "गरम पानी दे गो," ते लांबूनच ओरडायचे. मावशी म्हणायच्या, "चहा घ्या की मिस्त्री, आलं घातलंय." त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं. "मी घेन गो, पन गारीला चहा चालत न्हाय." एकदा मावशींनी वैतागून त्यांच्यासाठी वेगळं पातेलं आणलं आणि त्यावर खिळ्याने 'मिस्त्री' असं कोरून ठेवलं. मिस्त्रींना वाटलं, हा सत्कारच झाला. आल्यागेल्या ड्रायव्हरला ते पातेलं दाखवायचे.

भिवंडीजवळच्या वळ गावात, गोदामांच्या रांगेत आमच्या ट्रान्सपोर्टचं ऑफिस आहे. कोणती गाडी कधी भरली, कधी सुटली, कधी सर्व्हिसिंगला आली, हे सगळं मी बघते. माझे वडील भिवंडीतल्या एका शाळेत कारकून होते. आमच्या घरात दुरुस्ती म्हणजे पंख्याला तेल. ट्रकच्या केबिनखाली काय काय असतं हे मला मिस्त्रींमुळे कळलं, आणि गरजेपेक्षा जरा जास्तच कळलं. ऑफिसात सगळे मला मॅडम म्हणतात. मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी 'बाय' म्हटलं आणि पुढे कधी बदललं नाही.

ते वळचेच. जिथे त्यांच्या आजोबांनी भात लावला तिथे आता मोठं गोदाम उभं आहे, आणि त्यांचा मुलगा पांढऱ्या गाडीतून फिरतो. बाप मात्र खोक्याचा पुठ्ठा अंथरून ट्रकखाली पडलेला. मुलगा जीव तोडून सांगायचा, "बाबा, आपल्याला काय कमी हाय? लोक काय म्हनतील?" मिस्त्री ट्रकखालूनच म्हणायचे, "लोक म्हनतील, गारी चालू झाली." त्या मुलाचीही मला दया यायची. वडिलांना जेवायला न्यायला तो इस्त्रीचे कपडे घालून यायचा आणि पाना हातात द्यायच्या नादात काळा होऊन जायचा.

मिस्त्रींचा खास विषय एकच होता. नव्या ट्रकमध्ये डिझेलच्या फिल्टरला जे पाइप येतात त्यांच्या टोकाला प्लास्टिकचा कनेक्टर असतो. दोन्ही बाजूंना नखाएवढी लॉकं. ती दाबली की पाइप सुटतो आणि नीट बसवला की 'टक्' असा आवाज येतो. धूळ आणि इंजिनाची उष्णता खाऊन हे प्लास्टिक पापडासारखं होतं. फिल्टर बदलताना ड्रायव्हर घाईत पक्कड लावून ओढतो आणि कनेक्टर त्याच्या हातात येतो. मग आमच्याकडची रीत ठरलेली. टायरच्या ट्यूबची पट्टी, वर तार, आणि त्याही वर देवाचं नाव. अशी गाडी दोन दिवस चालते. तिसऱ्या दिवशी पाइपात हवा शिरते, डिझेल पुढे जात नाही आणि गाडी नेमकी घाटात बसते.

असा तुटका कनेक्टर दिसला की मिस्त्रींचा पारा चढायचा. "अरे भैया, ऐसा खिंचेगा तो टूटेगाच ना! पहिला धो, फिर आगे ढकल, फिर दबाके पीछे ले." आधी पुढे ढकलायचं आणि मग मागे घ्यायचं, यावर त्यांची इतकी श्रद्धा होती की ते माणसांवरही तेच चालवायचे. गोदामाचा वॉचमन गेट उघडायला कुरकुरायचा. मिस्त्री त्याच्याशी गेटाबद्दल बोलायचेच नाहीत. त्याच्या गावच्या म्हशीची चौकशी करायचे, म्हशीच्या दुधाचं कौतुक करायचे, आणि मग "जरा खोल ना" म्हणायचे. आम्ही रीतसर पास दाखवून वीस मिनिटं ताटकळायचो आणि मिस्त्री म्हशीवर बसून आत जायचे.

दुरुस्तीची त्यांची पद्धत मात्र सोवळ्याची होती. तुटका कनेक्टर पात्याने कापून काढायचा, पाइपाचं टोक अगदी सरळ छाटायचं, ते उकळत्या पाण्यात धरून मऊ करायचं आणि गरम असतानाच नवा कनेक्टर त्यात दाबून बसवायचा. पाण्याऐवजी कुणी लायटर काढला की संपलंच. डिझेलपाशी जाळ म्हणजे त्यांच्या लेखी महापाप. ते शांतपणे लायटर मागून घ्यायचे, ड्रायव्हरला वाटायचं बिडी पेटवतायत, आणि मिस्त्री तो थेट गोदामाच्या पत्र्यावर भिरकावून द्यायचे. त्या पत्र्यावर अजून चार-पाच लायटर तरी पडलेले असतील.

आता त्यांच्या कानांबद्दल सांगायला हवं, कारण ते स्वतः कधीच सांगायचे नाहीत. मिस्त्रीकाम शिकण्याआधी तरुणपणी ते भिवंडीतल्या नारपोलीला कापडाच्या लूमवर होते. त्या खडखडाटाने त्यांचे कान अर्धे खाल्ले आणि उरलेले ट्रकच्या इंजिनांनी. पण मिस्त्रींच्या मते दोष जगाचा होता. "आजकालची मानसं तोंडातल्या तोंडात बोलतात," ते म्हणायचे, आणि हे ते एवढ्या मोठ्याने म्हणायचे की पलीकडच्या गोदामातली माणसं सुधारावीत. फोन कायम स्पीकरवर. सूनबाईंनी संध्याकाळी बोंबील आणायला सांगितले की कोळंबी, हे अख्ख्या वळला कळायचं.

अडचण एवढीच की कनेक्टरचा 'टक्' त्यांना ऐकू यायचा नाही. त्यावर त्यांनी तोड काढली होती. पाइप दाबला की जो कोणी बाजूला असेल त्याला विचारायचं, "वाजलं का?" तो म्हणायचा, "वाजलं." मग मिस्त्री पाइप एकदा जोरात मागे ओढून बघायचे. आला नाही तरच बाहेर यायचे. त्यामुळे ड्रायव्हर लोक न ऐकताच "बज गया, बज गया" म्हणून मोकळे व्हायचे. मिस्त्री ओढून बघणारच आहेत, मग कान कशाला द्या? आम्हा सगळ्यांना त्यांचं गुपित माहीत होतं, आणि कुणालाच माहीत नाही असं समजून मिस्त्री निर्धास्त होते. आम्हीही तो समज फार प्रेमाने जपला.

त्या दिवशी गाडी नाशिकला जायची होती. ड्रायव्हर कागद आणायला गेला होता. गोदामवाले फोनवर माझ्या नावाने शंख करत होते, की गाडी काढा, मागे रांग लागलीय. मी फोन कानाला लावूनच मिस्त्रींजवळ गेले आणि म्हटलं, "मिस्त्री, आवरा हो." ते केबिनखाली वाकलेले, हात कोपरापर्यंत डिझेलने माखलेले. त्यांनी पाइप दाबला आणि मान वळवून विचारलं, "वाजलं का, बाय?"

मी ऐकलं नव्हतं. मी ऐकतच नव्हते. फोनवरच्या माणसाला 'एक मिनिट' म्हणून मी मिस्त्रींना म्हटलं, "वाजलं, वाजलं."

मिस्त्रींनी हात पुसले आणि ते बाहेर आले. गाडी सुटली.

नाशिकच्या रस्त्यावर पडघ्याच्या पुढे कनेक्टर निसटला. गाडी बंद पडली आणि डिझेल रस्त्यावर सांडलं. मागून येणारा एक दुचाकीवाला त्यावरून घसरला. कोपर आणि गुडघा सोलपटण्यावर निभावलं, पण ड्रायव्हरने फोनवर ते सांगितलं तेव्हा तो माणूस उठून उभा राहिला ना, हे मी तीनदा विचारलं. दुसऱ्या दिवशी शेठनी मिस्त्रींना ऑफिसात बोलावलं. मी माझ्या टेबलाशी बसलेली होते. शेठ म्हणाले, "मिस्त्री, तुमचं वय झालं. यापुढे गाड्या वर्कशॉपला पाठवू." एरवी शेठनाही चार गोष्टी सुनावणारे मिस्त्री खाली बघत एवढंच म्हणाले, "माजी चूक हाय." माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. आणि मी, रोज शंभर माणसांशी तोंड वाजवणारी मी, की-बोर्डावर बोटं ठेवून गप्प बसले.

तीन दिवस मी स्वतःला समजावलं. तपासायचं काम त्यांचंच होतं, मी काही मेकॅनिक नाही, वगैरे. चौथ्या दिवशी मावशींनी विचारलं, "मिस्त्री आजारी हायेत का?" आणि माझं सगळं वकीलपत्र गळून पडलं. मी शेठच्या केबिनमध्ये जाऊन खरं ते सांगितलं. ते आधी चिडले आणि मग म्हणाले, "मग जा, बोलावून आणा त्यांना."

मी घरी गेले तेव्हा मिस्त्री ओटीवर बसून कोयत्याला धार लावत होते. अंगात स्वच्छ धुतलेला शर्ट होता आणि त्यात ते फार परके वाटत होते. मी शेजारी बसले आणि ओरडूनच सांगितलं, कारण तसं सांगितल्याशिवाय त्यांना ऐकू आलं नसतं. माझा गुन्हा अर्ध्या आळीने ऐकला.

"मना म्हायती हाय," ते म्हणाले. "तुजा फोन कानाला होता. कान गेलं माजं, डोलं न्हाय गेलं."

"मग शेठसमोर बोलला का नाहीत?"

"वढून बघायचं काम माजं होतं गो." कोयता उचलून त्यांनी अंगठ्याने धार तपासली. "डायवरनी सांगितलं असतं तर बघितलंच असतं. तू सांगितलंस, म्हनून न्हाय बघितलं."

त्यांनी हे रागाने म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं. ते अगदी साधेपणाने म्हणाले, आणि मी त्यांच्या ओटीवर बसून रडले. मिस्त्री गडबडले. त्यांनी सूनबाईंना हाक मारून माझ्यासाठी पाणी मागवलं, मग चहा, मग पोहे, आणि शेवटी काही सुचेना म्हणून परसातली केळी माझ्या पदरात घातली. शेठ बोलावतायत म्हटल्यावर मात्र त्यांनी मान हलवली. "आता नको. उंद्या कोनाचा हातपाय मोडला तं? दुसऱ्याच्या कानावर किती दिवस गारी चालवायची?" आपल्याला ऐकू येत नाही हे त्यांच्या तोंडून मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. मुलगा आतून हे ऐकत होता. इतकी वर्षं त्याला हेच हवं होतं, पण तो बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा पडलेला होता.

नंतर मी अधूनमधून जायची. मुलाने त्यांना कानाचं यंत्र आणून दिलं होतं. ते मिस्त्री जपून खिशात ठेवायचे, न जाणो झिजलं तर. ते एकेका गाडीचा नंबर घेऊन विचारायचे, आणि मी जे असेल ते सांगायची. कुठली धूर सोडते, कुठली वर्कशॉपमधून आली तरी तशीच धापा टाकते. दुसऱ्या मेकॅनिकची फजिती सांगितली की त्यांना दोन घास जास्त जायचे, असं सूनबाई म्हणायच्या.

गेल्या वर्षी मिस्त्री गेले. मी भेटायला गेले तेव्हा घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. सूनबाईंनी मला हाताला धरून आत नेलं आणि बायकांमध्ये बसवलं. त्यातल्या एका म्हाताऱ्या आत्याबाईंनी विचारलं, "ही कोन गो?"

"हीच ती, बाबांच्या हापिसातली बाय," सूनबाई म्हणाल्या. "बाबा शेवटपर्यंत सांगायचे, हिनं एक डाव सांगितलं का परत तपासायला लागत न्हाय."

सगळ्याजणी माझ्याकडे कौतुकाने बघू लागल्या. आत्याबाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. 'हो' म्हणायची माझी हिंमत झाली नाही, आणि 'नाही' म्हणायची तर त्याहूनही नाही.