राहू दे, मी सांगतो

ज्या माणसावर ओरडायला जागाच नसते, त्याच्यावरचा राग फार वाईट. आमचे हे तसे आहेत. आवाज चढवणार नाहीत, जेवणाला नावं ठेवणार नाहीत. माझी सख्खी आईसुद्धा आमच्या भांडणात त्यांचीच बाजू घेते. लग्न झाल्यापासून रोज सकाळी मुकुंदवाडीहून क्रांती चौकाजवळच्या माझ्या शाळेत मला मोटारसायकलवर सोडायचे आणि मग स्वतःच्या ऑफिसला जायचे. शेजारच्या बायका म्हणायच्या, नशीब काढलंस बाई. मी स्कूटी शिकते म्हणाले तर हे हसून म्हणाले, "राहू दे गं, मी आहे ना." काही वर्षांनी पुन्हा विषय काढला, पुन्हा तेच उत्तर, तसंच हसून.

आमच्या संस्थेची शेंद्र्याला एक शाळा आहे. तिथले मुख्याध्यापक निवृत्त होणार होते आणि सेवाज्येष्ठतेत पहिलं नाव माझं होतं. मला ती खुर्ची हवी होती. खोटं कशाला बोलू, फार हवी होती. सगळी नोकरी दुसऱ्यांनी लावलेल्या वेळापत्रकात काढली होती. एक शाळा आपल्या डोक्याने चालवून बघायची होती. घरात मी हे बोलूनही दाखवलं होतं, त्यामुळे ह्यांना माहीत नव्हतं असं म्हणायला जागा नाही.

एके दिवशी स्टाफरूममध्ये माझ्यामागच्या नंबरच्या बाई जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "बाई, तुम्ही शेंद्र्याला नाही का म्हणालात? सेक्रेटरी आता मला विचारायला लागलेत. तुमच्या मिस्टरांनी कळवलं म्हणे, तुम्हाला जमणार नाही."

पुढचे दोन तास मी काय शिकवलं ते त्या मुलांनाच ठाऊक.

संध्याकाळी घरात पाय ठेवल्या ठेवल्या विचारलं, "सेक्रेटरींशी काय बोललात तुम्ही?"

"अगं, त्यांचा फोन आला होता तुझ्या मोबाइलवर. तू अंघोळीला गेली होतीस. म्हटलं राहू दे, मी सांगतो. शेंद्रा पडलं उलट्या दिशेला, मी तुला सोडणार कसा? उगाच दगदग झाली असती तुझी."

"माझी दगदग मला विचारायची होती!"

"बरं बाई, चुकलं. एवढं काय त्यात?"

एवढं काय त्यात! माझ्या फोनवर, माझ्या नोकरीचं उत्तर, माझ्या घरात, मी दाराआड असताना. रागाच्या भरात गॅसकडे लक्ष राहिलं नाही आणि भाजी करपली. तीच वाढली, तर ती त्यांनी मुकाट्याने खाल्ली. त्यानेही माझं डोकं फिरलं. नको म्हणाले असते तर निदान ताट आपटता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी रिक्षा करून मी एकटीच सेक्रेटरींकडे गेले. ते म्हणाले, "बाई, घरचेच नाही म्हणतात म्हटल्यावर आम्ही तुम्हाला कसं पाठवावं?"

"नेमणूक माझ्या नावाने निघते ना? मग उत्तरही माझंच घ्या. मी हो म्हणतेय."

"पण जाणार-येणार कशा?"

"ते माझं मी बघते," मी म्हणाले आणि बाहेर पडले. काय बघणार होते ते मलाही माहीत नव्हतं.

मग बायकांना स्कूटी शिकवणारी एक बाई गाठली. माझ्यापेक्षा वयाने बरीच लहान, पण जरब भारी. "मॅडम, खाली चाकाकडं काय बघता? पुढं बघा, पुढं!" दोनदा पडले, गुडघे फोडून घेतले. हे हळद घेऊन दारात उभे, तोंडाने "राहू दे" नाही, पण चेहऱ्यावर तेच. मी रागावर गाडी शिकले. जालना रोडवर मागून ट्रकचा हॉर्न वाजला की गाडी कडेला घेऊन थांबावंसं वाटायचं, पण "उगाच दगदग" आठवायचं आणि हँडल आपोआप घट्ट धरलं जायचं.

नेमणुकीचं पत्र माझ्याच नावाने निघालं आणि शेंद्र्याची शाळा मला मानवली. तिथले पालक म्हणजे एक पाय कंपनीत, एक शेतात. त्यांच्या शिफ्ट बघून मी पालकसभेची वेळ बदलली, तेव्हा कुठे सभेत माणसं दिसायला लागली. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये चहा घेताना मी ह्यांच्या फोनची गोष्ट सांगायची, अगदी त्यांचा तो मऊ, काळजीचा आवाज काढून. सगळ्या बाया हसून लोटपोट व्हायच्या. त्यांच्याच आग्रहावरून कितीदा तरी सांगितली असेल.

आमच्या विज्ञानाच्या बाई सगळ्यांत तरुण. जवळच्याच गावातल्या शेतकरी घरची सून, मुलांची लाडकी, माझीही. एकदा शिक्षण खात्याच्या केंद्रप्रमुखांचा फोन आला. पुण्याला विज्ञानाचं निवासी प्रशिक्षण होतं, परत येऊन इतर शिक्षकांना शिकवायचं, त्यासाठी एक नाव हवं होतं. "तुमच्या त्या बाईंना पाठवता का?"

मी म्हणाले, "नको हो साहेब. लेकरू अंगावर पितंय तिचं अजून. उगाच दगदग होईल."

फोन ठेवला तेव्हा मला बरं वाटत होतं, हे मुद्दाम सांगते. एका पोरीचा त्रास वाचवला, असं वाटत होतं.

दोन दिवसांनी ती ऑफिसात आली. रागाने गावची बोली तोंडात आली होती. "मॅडम, पुण्याचं माझं नाव तुम्ही कापलं?"

"अगं, तुझ्यासाठीच. लेकरू लहान आहे—"

"लेकराला सासू बघणार व्हती. घरातल्या समद्यांना मी तयार करून ठिवलं व्हतं. कवापासून वाट बघत व्हते मी त्या फोनची. तुम्ही मला इचारलं का?"

"आवाज खाली! तुझ्या भल्यासाठीच बोलले ना मी?" मी उठून उभी राहिले. मला खरोखर संताप आला होता. मी हिची काळजी करते, आणि ही माझ्यासमोर हात नाचवते?

ती हलली नाही. "सरांच्या फोनची गोष्ट तुम्ही आम्हाला किती डाव सांगितली, मॅडम. आता मी माझ्या घरी जाऊन तुमची सांगू का?"

तिला बाहेर घालवावं असं मला वाटलं. त्याऐवजी तिच्यासमोरच फोन लावला. केंद्रप्रमुख म्हणाले, दुसऱ्या शाळेचं नाव वर गेलं, आता बदलत नाही. मी विनवलं, तरी बदललं नाही. माझ्या वेळी सेक्रेटरींच्या दारात जाऊन उत्तर फिरवता आलं होतं. तिचं फिरलं नाही.

"चुकलं माझं," मी म्हणाले. तिने "असू द्या मॅडम" म्हटलं नाही. म्हणायला नकोच होतं. घंटा झाली तशी ती वर्गावर गेली.

संध्याकाळी घरी आले तर ह्यांनी चहा ठेवला होता. "आज गप्प का?" म्हणाले. मी कप घेतला आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसले. त्यांच्यावरचा राग अजून गेलेला नाही, जाऊही नये. पण त्यांच्या आवाजाची नक्कल मी पुन्हा कधी केली नाही. केंद्रप्रमुखांशी बोलताना तो आवाज मला काढावा लागला नव्हता, तो आपसूकच निघाला होता.